जाळाच्या माथ्यावर टीव्ही नको

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या शहापुरात गेली 33 वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. पिक्चर ट्यूबच्या काळापासून आजच्या पातळ पडद्यापर्यंत बहुतेक सर्व प्रकारचे सेट माझ्या टेबलावर उघडले गेले आहेत, आणि बिघाडाचे कारण पुष्कळदा सेटमध्ये नसून तो ज्या भिंतीवर होता त्या भिंतीत असते, हे मला या कामाने शिकवले आहे. अशाच एका भिंतीविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकांशी बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला अलीकडे जी फार्महाऊस उभी राहत आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांच्या दिवाणखान्यात लाकूड जाळायची खरीखुरी फायरप्लेस बांधली जाते, आणि तिच्या बरोबर वर, धुराड्यासाठी पुढे काढलेल्या भिंतीवर, 50 किंवा 55 इंची टीव्ही टांगला जातो. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांची डागडुजी करतानाही हेच होते. यंदाच्या पावसाळ्यात अशा जागेवरून उतरवलेला तिसरा सेट माझ्याकडे आला, तेव्हा आता गप्प बसणे योग्य नाही असे मला वाटले.

माझे म्हणणे असे आहे की, जी फायरप्लेस खरोखर पेटवली जाणार आहे तिच्या वर टीव्ही लावू नये. छायाचित्रांत ही जोडी फार देखणी दिसते, हे मला मान्य आहे. खोलीची एकच भिंत सजवावी, सोफ्यांची तोंडे एकाच दिशेला असावीत, वायर कुठे दिसू नये, या सगळ्या इच्छा समजण्यासारख्या आहेत. परंतु त्या छायाचित्रांतल्या कित्येक फायरप्लेस नुसत्या शोभेच्या असतात, काहींमध्ये जाळासारखा हलणारा दिव्याचा उजेड तेवढा असतो, आणि आपण मात्र ते चित्र पाहून घर बांधतो व त्यात अकेशियाचे आणि नीलगिरीचे ओंडके जाळतो.

पेटत्या जाळाच्या वर काय ठेवायचे आणि काय नाही, हे आपल्या भागातल्या घरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. माझ्या आजीचे घर खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाकाठी होते. तिथे चुलीवर भाकरी भाजली जाई, चुलीला जोडलेल्या वैलावर दूध नाहीतर आमटी मंद आचेवर राही, आणि चुलीच्या वर, हात उंचावला की पोहोचेल एवढ्या अंतरावर, बांबूचा माळा असे. त्या माळ्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे, कोकमाची सोले आणि पावसात नीट न वाळलेले जळण ठेवलेले असे. जी वस्तू कडकडीत सुकायला हवी आणि जिला धूर लागला तर कीड लागत नाही, तीच वस्तू त्या माळ्यावर जाई. आजोबांचा ट्रान्झिस्टर मात्र आजीने स्वयंपाकघरात कधी येऊ दिला नाही. तो ओसरीवर खुंटीला असे. आढ्याच्या वाशांवर काजळी कुठवर चढली आहे हे तिला रोज दिसत होते, आणि तेवढ्यावरून कोणत्या वस्तूची जागा कुठे हे ती ठरवत होती. आज त्याच तालुक्यात, तिच्या घरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, घरातली सर्वांत नाजूक वस्तू नेमकी त्या माळ्याच्या जागी चढवली जात आहे.

बेळगावात फायरप्लेस ही काही नवी वस्तू नाही. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे कॅम्प वसला, आणि सुमारे 2500 फूट उंचीवरच्या या गावाला गरिबांचे महाबळेश्वर असे नाव मिळाले. त्या काळातल्या बंगल्यांत धुराडी होती. काही ठिकाणी ती आजही आहेत. फायरप्लेसच्या माथ्यावर दगडाची किंवा लाकडाची फळी आणि तिच्या वर आरसा, घड्याळ नाहीतर एखादा फोटो, अशी मांडणी असे. पिक्चर ट्यूबचा सेट दीड-दोन फूट खोल आणि वजनाला जड असल्यामुळे तो तिथे चढवण्याचा विचार कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. पडदा पातळ झाला, चार बोल्टवर भिंतीला बसू लागला, आणि मग आरशाची जागा त्याला मोकळी मिळाली.

अकरा वर्षांपूर्वी कॅम्पातल्या अशाच एका घरात मी स्वतः फायरप्लेसच्या वर टीव्ही लावून दिला होता. घरातले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार होते आणि त्या जागी त्यांच्या वडिलांचा गणवेशातला फोटो होता. तो उतरवून मी हातात घेतला. काचेच्या आतला कागद खालच्या बाजूने तपकिरी पडून लाटेसारखा उचलला होता, चौकटीची खालची पट्टी सांध्यातून सुटली होती, आणि भिंतीवर फोटोच्या मापाचा चुन्याचा स्वच्छ पांढरा चौकोन उमटला होता, ज्याच्या चहूबाजूंना धुराचा पिवळट थर बसला होता. पाहणाऱ्याला आणखी कोणत्या पुराव्याची गरज नव्हती. सुभेदारसाहेबांच्या सूनबाईंनी विचारलेसुद्धा, "दादा, इथं गरम नाही ना होणार?" आणि मी, "वहिनी, आता सगळे इथंच लावतात," असे सांगून ड्रिल हातात घेतले. त्या उत्तराची मला आजही खंत वाटते. ज्याला काम कळते त्याने सगळे काय करतात हे उत्तर म्हणून देऊ नये.

तो सेट दुसऱ्या पावसाळ्यात माझ्याकडे परत आला. आधी पडद्यावर चार-पाच पांढरे ठिपके दिसू लागले होते, मग एका बाजूला उभ्या रेघा आल्या, आणि शेवटी तो चालू होऊन पाच मिनिटांत बंद पडू लागला. पालथा घालून मागचे झाकण काढले तेव्हा खालच्या फटींपासून वरच्या जाळीपर्यंत, हवा जिथून चढते त्या वाटेवर, काजळीचा पट्टा ओढल्यासारखा दिसला. मी त्यावरून बोट फिरवले. साधी धूळ असती तर झटकून गेली असती; ही बोटाला चिकटली, कारण अर्धवट ओल्या लाकडाच्या धुरात डांबरासारखा चिकट अंश असतो आणि तो थंड पृष्ठभागावर जाऊन बसतो. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. त्यात आपल्या पावसाळ्याची ओल मिसळली की सर्किटच्या जवळजवळच्या दोन रेघांमध्ये नको तिथे वाट तयार होते.

पॉवर सप्लायच्या बोर्डावर दोन कपॅसिटरची, म्हणजे वीज क्षणभर साठवून एकसारखी करणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगली होती. या भागाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ग्राहक अनेकदा मला दाखवतात की त्याच्यावर 105 अंश असे छापलेले आहे, म्हणजे तो तेवढी उष्णता सहज सोसेल. त्या आकड्याचा अर्थ तसा नाही. आतमध्ये द्रव असलेले हे कपॅसिटर 105 अंशांवर ठरावीक तास टिकतात, साध्या प्रतीचे साधारण 2000 तास, आणि तापमान दर 10 अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. याच हिशेबाने 65 अंशांवर चालणारा कपॅसिटर 32000 तास काढेल, तर तोच 75 अंशांवर गेला की 16000 तासांवर येईल. 55 इंची सेट स्वतःच शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन मागच्या जाळीतून बाहेर पडते. ती बाहेर पडायला सेटच्या मागची हवा त्याच्यापेक्षा थंड असावी लागते. फायरप्लेसच्या वर नेमके उलटे होते. सेटच्या अंगची उष्णता आतच कोंडून राहते.

पांढऱ्या ठिपक्यांचे कारणही उष्णतेतच होते. पडद्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारे छोटे भिंग डिंकाने चिकटवलेले असते. तो डिंक रोज तापून रोज निवला की सुटतो, भिंग गळून सेटच्या तळाशी पडते, आणि तिथला उजेड न पसरता पडद्यावर टिकलीसारखा दिसतो. भिंगे मी परत चिकटवू शकतो. उभ्या रेघा मात्र पडद्याच्या काठाला चिकटवलेल्या चपट्या फिती सुटल्यामुळे येतात, आणि ते दुरुस्त करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे पडदा बदलणे, ज्याची किंमत जवळजवळ नव्या सेटएवढी होते. ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो ओएलईडी पडदा तर उष्णतेच्या बाबतीत याहूनही हळवा असतो. टीव्हीबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत सेट चूल, हीटर अशा उष्णतेच्या साधनांजवळ लावू नये असे लिहिलेले असते, आणि चालवताना भोवतालचे तापमान 40 अंशांच्या आत असावे अशी मर्यादा बहुतेक पुस्तिकांत दिलेली असते. परंतु ती पुस्तिका बारीक टायपात असते आणि खोक्याबरोबर माळ्यावर जाते. सेट बिघडला आणि हमीची मुदत शिल्लक असली तरी जागा पाहून हमी नाकारली जाऊ शकते, हे त्या वेळी कळून उपयोग नसतो.

शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण असे उष्णता पसरण्याचे तीन प्रकार शिकलो. फायरप्लेसच्या वरची भिंत तिन्ही प्रकारांनी तापते. गरम हवा खोलीत येऊन थेट वर चढते, हे सर्वांना माहीत असते आणि म्हणून लोक माथ्याला रुंद फळी लावून निश्चिंत होतात. फळीचा उपयोग होतो, नाही असे नाही. आठ-दहा इंच पुढे आलेली फळी चढत्या हवेला खोलीच्या मध्याकडे वळवते. पण विटांमधून जी उष्णता आत शिरते तिला फळी अडवत नाही. धुराड्याची भिंत तीन-चार तास तापली की ती उष्णता धरून ठेवते, विस्तव विझल्यावर रात्री उशिरापर्यंत सोडत राहते, आणि टीव्ही त्या भिंतीपासून जेमतेम दोन इंचांवर असतो. घरातले लोक टीव्ही बंद करून झोपतात, त्यामुळे सेटला आराम मिळाला असे त्यांना वाटते. सेट मात्र त्या वेळीही पाठीमागून भाजत असतो.

आणि आपल्याकडे फायरप्लेस पेटते ती मुख्यतः केव्हा? डिसेंबर-जानेवारीची थंडी बेळगावला असते, पण ती शालीवर भागण्यासारखी. कणकुंबी आणि चोर्ल्याच्या बाजूला खरी गरज जून ते सप्टेंबर या महिन्यांत लागते, जेव्हा आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि घराला कोरडेपणा आणण्यासाठी जाळ करावा लागतो. त्या दिवसांत जळणही ओले असते, म्हणून धूर जास्त होतो. पावसाची जड हवा आणि वारा यांमुळे धुराडे नीट ओढत नाही, म्हणून त्यातला काही धूर खोलीत येतो. अशा दिवसांत टीव्हीच्या जागी उष्णता, काजळी आणि ओल तिन्ही एकाच वेळी असतात.

सेट गेला तर पैसे गेले. भिंतीला पाडलेल्या भोकांचा प्रश्न मात्र माणसांच्या जिवाशी संबंधित आहे, आणि याविषयी मी कोणाला बोलताना ऐकलेले नाही. धुराड्याच्या पोकळीपुढची भिंत किती जाडीची आहे हे बाहेरून कळत नाही. जुन्या बंगल्यांत ती जाड असते. नव्या बांधकामात कित्येकदा एकेरी विटेची, म्हणजे साडेचार इंची असते, आणि तिच्यावर आत-बाहेर गिलावा. टीव्हीची पट्टी बसवणारा मुलगा लांब पात्याने चार भोके पाडतो. पाते एकदम मोकळे पुढे गेले तर तो समजतो की वीट पोकळ निघाली, आणि लांब बोल्ट घालून मोकळा होतो. प्रत्यक्षात ते भोक धुराड्यात उघडलेले असते. तिथून धूर आला तर काळा डाग दिसेल आणि कोणीतरी विचारील. पण निखारे धुमसत असताना जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला रंग नाही आणि वासही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हाच वायू असतो. पावसाळी रात्री खिडक्या बंद करून बसलेल्या कुटुंबाच्या खोलीत असे एकही भोक असू नये.

भोक धुराड्यात गेले नाही तरी पकडीचा प्रश्न राहतो. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात भोक मापापेक्षा मोठे होते आणि प्लग सैल बसतो. चुन्याने भरलेल्या जुन्या सांध्यांत तर तो धरतच नाही. नेहमीच्या पाकिटातले प्लॅस्टिकचे प्लग तापत्या भिंतीत मऊ पडत जातात. त्यावर पंधरा-सोळा किलोचा सेट, आणि त्यातही तो पुढे ओढायच्या हाताच्या पट्टीवर असेल तर बोल्टवर येणारा ताण कितीतरी वाढतो. हा सगळा भार जाळासमोर बसून शेकणाऱ्या मुलांच्या डोक्यावर लटकत असतो.

वायरविषयी थोडक्यात. घरातली साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेली असते. ती दिसू नये म्हणून धुराड्याच्या गिलाव्यात पाईप पुरून नेतात, सॉकेटही टीव्हीच्या मागेच बसवतात. तिथले वेष्टन सुकून तडकले तर कोणाला दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. धुराड्याच्या भिंतीतून वायर नेऊ नये, एवढे घरमालकांनी इलेक्ट्रिशियनला स्वतः सांगावे.

मानेचेही सांगितले पाहिजे. माथ्याची फळी साडेचार फुटांवर असेल आणि तिच्या वर अर्धा फूट सोडून 55 इंची सेट लावला, तर पडद्याचा मध्य जमिनीपासून सहा फुटांच्या वर जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात. कॅम्पातल्या त्या घरी सुभेदारसाहेब काही दिवसांनी टीव्ही बघायचे सोडून आतल्या खोलीत रेडिओ लावून बसू लागले होते. मान दुखते हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही, मला सांगितले.

मग टीव्ही कुठे लावावा? ज्यांच्याकडे धुराड्याची भिंत पुढे आलेली आहे त्यांच्या घरात तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप कोनाड्यासारखी जागा तयार होते. जुन्या बंगल्यांत तिथे कपाटे असत. त्यांपैकी एका बाजूला, पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येईल अशा बेताने, सेट लावावा. सोफा थोडा तिरका केला की जाळही दिसतो आणि टीव्हीही. खोली लहान असेल तर समोरची किंवा आडवी भिंत घ्यावी. नवे घर बांधणाऱ्यांनी तर हे नकाशावरच ठरवावे, म्हणजे सॉकेट आणि केबलची जागा आधीच योग्य भिंतीत जाते. खर्च एका पैशानेही वाढत नाही. ज्यांची फायरप्लेस कायमची बंद आहे त्यांना माझे हे म्हणणे लागू नाही, फक्त ती खरोखर बंद करावी, म्हणजे धुराडे वरून झाकून आणि खालून बुजवून घ्यावे, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात पाहुणे आले की कोणीतरी हौसेने ती पेटवतोच.

आणि एवढे ऐकूनही ज्यांना तिथेच टीव्ही हवा असेल त्यांनी भोके पाडण्याआधी एक काम करावे. टीव्ही येणार त्या जागी, खाली, मध्ये आणि वर, भिंतीला हवेचे तापमान मोजायचे साधे थर्मामीटर (तापाचे नव्हे) चिकटपट्टीने लावावेत, नेहमी करतात तेवढा जाळ तीन तास ठेवावा, दर अर्ध्या तासाने आकडे लिहून घ्यावेत, आणि विस्तव विझल्यावरही दोन तास वाचन चालू ठेवावे. एकाही ठिकाणी पारा 40 च्या वर गेला तर त्या भिंतीचे उत्तर मिळाले असे समजावे. हे पाहायला माझ्यासारख्या कारागिराचीही गरज नाही.

यंदाचा सेट ज्या घरातून आला, जांबोटी रस्त्यावरच्या, तिथे मी हे स्वतः करून पाहिले. घराचे मालक उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फौंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना, चालवतात. मी उष्णतेचे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, "आम्ही रोज 1400 डिग्रीचा बिडाचा रस ओततो. या चार ओंडक्यांचं काय घेऊन बसलात?" मी त्यांना विचारले, "साहेब, मग तुमच्या भट्टीचं कंट्रोल पॅनेल भट्टीच्या बरोबर वर का नाही बसवलं?" ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पॅनेल वेगळ्या केबिनमध्ये आहे. तिथं पंखापण आहे." त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून थर्मामीटर लावले. पहिल्या तासातच मधल्या थर्मामीटरने 40 ची रेघ ओलांडली, आणि विस्तव विझून तास उलटला तरी भिंतीला तळहात टेकवून ठेवणे त्यांना जमले नाही. टीव्हीची पट्टी काढली तेव्हा चारपैकी वरची दोन भोके आरपार गेलेली निघाली. मी उदबत्ती पेटवून भोकाजवळ धरली, तिचा धूर सरळ आत ओढला गेला. धुराड्यात ओढ चांगली होती म्हणून आजवर निभावले. वारा फिरलेल्या एखाद्या रात्री हाच प्रवाह उलटा वाहिला असता.

नव्या सेटची जागा आता डावीकडच्या कोनाड्यात ठरली आहे आणि तिथली वायर धुराड्याला न शिवता जमिनीलगतून आणली आहे. भोके साध्या सिमेंटने बुजवली तर उष्णतेने ते तडकून सुटेल, म्हणून मालक स्वतःच्या फौंड्रीतून भट्टीच्या अस्तराला वापरतात ती फायरक्ले आणणार आहेत, आणि येत्या रविवारी गवंड्याला घेऊन आम्ही ते काम करणार आहोत. तोवर तिथे जाळ करायचा नाही असे त्यांच्या घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. फायरप्लेसच्या तोंडाला त्यांच्या आईंनी एक पाट उभा करून ठेवला आहे.

आपला विश्वासू,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर,
शहापूर, बेळगाव